वापरलेल्या इंजिन ऑइलमधलं लोखंड: एक्सआरएफ गन एक सांगते, लॅब दुसरंच

गंजका खिळा

नमस्कार मंडळी. विषय जरा तेलकट आहे, सांभाळून घ्या.

माझं रोजचं काम पीएमआयचं, म्हणजे माल ठरलेल्याच मिश्रधातूचा आहे का ते तपासायचं. पाइप, व्हॉल्व्ह, फ्लँज यांवर एक्सआरएफ गन (क्ष-किरण मारून मूलद्रव्यं ओळखणारं हातातलं यंत्र) टेकवायची आणि ३१६ स्टेनलेस म्हणून आलेला माल खरोखर ३१६ आहे का ते सांगायचं. आमच्याकडे डिझेल जनरेटरही आहेत. त्यांच्या ऑइलचा नमुना दर सर्व्हिसला लॅबमध्ये जातो, आणि रिपोर्ट हातात पडेपर्यंत ते ऑइल बदलून ड्रममध्ये गेलेलं असतं. म्हटलं, गन हाताशी आहेच, तर ऑइलमधले वेअर मेटल, म्हणजे झिजून आलेले धातू, आपणच का पाहू नयेत?

डबीला खालून पातळ फिल्म ताणून लावली, ऑइल ओतलं, गन स्टँडमध्ये तोंड वर करून बसवली आणि 'माती' मोडमध्ये मोजलं. लोखंड ४१ पीपीएम (दहा लाखांत ४१ भाग), तांबं २२, जस्त ११५०, कॅल्शियम भरपूर. शिसं आणि क्रोमियम असून नसल्यासारखं. अॅल्युमिनियमचा पत्ताच नाही. तेवढ्यात एक काम निघालं आणि डबी तशीच राहिली. परत येऊन तीच डबी न हलवता मोजली तर लोखंड ५८! आणखी थोड्या वेळाने ६६. जस्त मात्र जागचं हललं नाही.

त्याच बाटलीतलं ऑइल लॅबलाही गेलं होतं. त्यांचा आयसीपी (प्लाझ्मात तापवून मूलद्रव्यं मोजायची पद्धत) रिपोर्ट असा: लोखंड ३४, तांबं १९, अॅल्युमिनियम ६, शिसं २, क्रोमियम २.

आता यातलं लोखंड नक्की किती धरायचं? गन बिघडली आहे की लॅब कमी दाखवते आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

क्ष_किरण्या

प्रकाशाने भागणार नाही, क्ष-किरणच टाकावे लागतील. :)

तुम्हाला हे माहीत असेलच, पण इतर वाचकांसाठी थोडक्यात: गनमधला क्ष-किरण अणूच्या सगळ्यात आतल्या कक्षेतला इलेक्ट्रॉन उडवतो. रिकाम्या जागी बाहेरच्या कक्षेतला येऊन बसतो आणि ऊर्जेतला फरक नव्या क्ष-किरणाच्या रूपात बाहेर पडतो. ही ऊर्जा प्रत्येक मूलद्रव्याची ठरलेली. लोखंडाची मुख्य रेषा ६.४० केईव्हीला (केईव्ही हे ऊर्जेचं एकक), तांब्याची ८.०५, जस्ताची ८.६४, अॅल्युमिनियमची फक्त १.४९.

आता तुमच्या कामातला आणि ऑइलमधला फरक बघा. फ्लँजवर गन टेकवली की किरण धातूत फार खोल जात नाही, आणि जेवढं दिसतं ते सगळं धातूच असतं. ऑइल म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन. हलकी मूलद्रव्यं किरण गिळत कमी आणि उधळत जास्त. त्यामुळे स्पेक्ट्रमची पार्श्वभूमी उंच चढते आणि दहा-वीस पीपीएमची शिखरं तिच्यात अर्धी बुडतात.

दुसरी गोष्ट खोलीची. साधा हायड्रोकार्बन धरून हिशेब केला तर ६.४ केईव्हीचा किरण दीड मिलिमीटर ऑइल पार करेपर्यंत जवळजवळ दोन-तृतीयांश गिळला जातो. म्हणजे लोखंडाचा आकडा तुमच्या डबीच्या तळाच्या काही मिलिमीटरचाच असतो, वरच्या ऑइलला त्यात मत नाही. अॅल्युमिनियमच्या बाबतीत हीच जाडी साधारण २० मायक्रॉन होते. त्यातून जे वाचतं त्याला पुढे फिल्म आणि हवा पार करायची असते. सहा पीपीएम अॅल्युमिनियम या गनला दिसणार नाही, तो नाद सोडा. हीलियम सोडणारी टेबलावरची मशीन असती तरी सहावर मी पैज लावली नसती.

उलट कथिलाची रेषा २५ केईव्हीची. ती तीन-साडेतीन सेंटिमीटर ऑइलमधूनही बऱ्यापैकी बाहेर येते. म्हणजे तिथे डबीत ऑइल किती उंचीपर्यंत भरलं यावर आकडा बदलतो. तेव्हा दर वेळी वजन करून सारखंच भरा.

आणि 'माती' मोड! तो मोड उधळलेल्या किरणांच्या शिखराशी तुलना करून पीपीएम काढतो आणि त्याची पट्टी वाळू-मातीसाठी बनवलेली असते. ऑइल मातीपेक्षा कितीतरी जास्त उधळतं. त्यामुळे तुमचे ४१ हे नुसते 'गनचे ४१' आहेत, पीपीएम म्हणून त्यांवर विसंबू नका. मिश्रधातू मोडमध्ये मोजलं नाहीत हे नशीब. तो मोड सगळ्याची बेरीज शंभर टक्के करून टाकतो.

मशीनवाली

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ४१ चे ६६ का झाले ते अजून सुटलेलं नाही. मी ऑइल लॅबमध्येच काम करते म्हणून लिहिते.

जस्त हललं नाही, लोखंड वाढलं. किल्ली इथेच आहे. जस्त झीज-रोधक अॅडिटिव्हमधून येतं. ते ऑइलमध्ये विरघळलेलं असतं, बसत नाही. लोखंडातला काही भाग मात्र कण आहे. तुमची गन खालून बघते आणि कण खालीच येऊन बसतात. बसा म्हणावं, गन मोजतेच आहे. :)

आता लॅबच्या ३४ बद्दल. आमची आयसीपी पद्धत, म्हणजे एएसटीएम या मानक-संस्थेची डी ५१८५, अशी चालते: ऑइल सॉल्व्हंटमध्ये पातळ करायचं आणि त्याचा बारीक फवारा प्लाझ्मात सोडायचा. मोठा कण फवाऱ्यातून वर पोहोचतच नाही, आणि पोहोचला तरी पूर्ण जळत नाही. साधारण ५ ते ८ मायक्रॉनच्या पुढचं आम्हाला दिसत नाही असं समजा. फिरत्या चकतीची ठिणगी पद्धत, डी ६५९५, थोडं पुढे जाते, पण दहा मायक्रॉनच्या आसपास तीही थकते. आम्ही ३४ लिहितो तेव्हा 'बारीक आणि विरघळलेलं लोखंड ३४' असं वाचायचं. रिपोर्टवर हे कुणी छापत नाही, छापायला हवं.

तुमच्या ३४ आणि ६६ मध्ये भांडण नाही. दोन्ही आकडे वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत.

वाचनमात्र

वाखुसा (वाचनखूण साठवली). कामाचा धागा.

सरळसोट

मला एक कळत नाही. लॅब आहे, आयसीपी आहे, वीस-बावीस मूलद्रव्यं एका झटक्यात येतात. बोरॉन, सोडियम, मॅग्नेशियम हे गनला दिसतच नाहीत. कूलंट गळतंय का हे सोडियम आणि बोरॉनवरून कळतं. आणि सगळ्यांत आधी हवेतली धूळ आत जाते आहे का ते बघायचं, त्यासाठी सिलिकॉन हवं. तेही अॅल्युमिनियमच्या शेजारीच, १.७४ केईव्हीला. मग अर्धी आंधळी गन घेऊन हा उपद्व्याप कशासाठी? हौस म्हणून ठीक आहे, पण इंजिनाचा निर्णय यावर घेऊ नये.

क्ष_किरण्या

सरळसोट, यादी बरोबर आहे. त्यात एक भर: पोटॅशियम ३.३१ ला दिसतं. कूलंटमध्ये ते असेल तर माग लागू शकतो, पण शेजारी ३.६९ ला कॅल्शियमचा डोंगर असतो, त्यामुळे थोडं पोटॅशियम त्याच्या सावलीत हरवतं. कथिलाच्या एल-रेषाही त्याच डोंगराखाली येतात. म्हणून कथिल बघायचं तर २५ केईव्हीच्या रेषेवरच, आणि गनमधली क्ष-किरण नळी ४०-५० केव्हीला चालवून.

पण 'उपद्व्याप' म्हणू नका. मशीनवाली ताईंचा प्रतिसाद वाचून मी एक हिशेब केला, तो बघा. ऑइल साध्या तापमानाला आहे आणि त्याची स्निग्धता ०.३ पास्कल-सेकंदाच्या आसपास आहे असं धरा. लोखंडाचा गोल कण त्यात किती वेगाने बुडेल? स्टोक्सच्या नियमाने १० मायक्रॉनचा कण तासाला साडेचार मिलिमीटर. ३० मायक्रॉनचा त्याच्या नऊपट वेगाने, म्हणजे मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. १ मायक्रॉनचा कण दिवसभरात जेमतेम एक मिलिमीटर उतरतो.

खिळेसाहेब, दोन मोजण्यांत किती वेळ गेला होता? अर्धा तास गेला असेल आणि तेवढ्यात आकडा दीडपट झाला असेल, तर ते काम १-२ मायक्रॉनच्या कणांचं नाही. तिथे काही दशक मायक्रॉनचे कण आहेत. आयसीपीला नेमके तेच दिसत नाहीत. चपटे पापुद्रे असतील तर ते गोल कणापेक्षा सावकाश उतरतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी मोठे असू शकतात.

ज्याला तुम्ही गनचा बिघाड समजत होता, माहिती त्याच वाढीत आहे.

गंजका खिळा

अरे बापरे. पहिल्या आणि दुसऱ्या मोजणीत अर्ध्या तासापेक्षा कमीच वेळ गेला होता.

आज तीच बाटली गरम पाण्यात ठेवून चांगली हलवली आणि लगेच मोजली: ४०. मग मुद्दाम थांबून मोजली: पुन्हा साठीत. म्हणजे हे योगायोगाने झालेलं नाही. डबीखाली चुंबक धरून हळूच बाजूला सरकवला तर फिल्मवर करडी रेघ सरकताना दिसली. डोळ्यांना दिसली!

आता तांब्याचं सांगा. २२ खरं मानायचं का? जस्ताच्या एवढ्या मोठ्या शिखराला चिकटून बसलंय.

क्ष_किरण्या

तांबं ८.०५ आणि जस्त ८.६४, मध्ये जवळजवळ ०.६ केईव्हीचं अंतर आहे. तुमच्या डिटेक्टरची विभेदनक्षमता तिथे १५०-१६० ईव्ही, म्हणजे ०.१५-०.१६ केईव्ही असेल, त्यामुळे शिखरं सुटी दिसतात. पण हजार पीपीएमच्या शिखराची खालच्या ऊर्जेकडे एक लांब शेपूट असते, ती तांब्याच्या पायाखालून जाते. शिवाय गनच्या स्वतःच्या अंगातून थोडं तांबं, निकेल, लोखंड उमटतं ते वेगळंच.

यावर उपाय सोपा आहे आणि तो न करता मोजणाऱ्यांचा मला राग येतो. त्याच ब्रँडचं, त्याच ग्रेडचं नवं कोरं ऑइल तशाच डबीत, तशाच फिल्मवर मोजा. त्यात जस्त तेवढंच असेल आणि तांबं नसेल. जो काही 'तांब्याचा' आकडा येईल तो शेपटीचा आणि गनचा. लोखंडासाठीही तेच करा. फिल्मच्या स्वतःच्या अशुद्धीही त्यात निघून जातात.

नंतर जमलं तर ऑइलमध्ये विरघळवलेल्या धातूंची तयार प्रमाणकं मिळतात, त्यांवरून ०, १०, ५०, १००, ३०० पीपीएमची स्वतःची रेषा काढा. वेळही वाढवा. शोधसीमा पार्श्वभूमीच्या वर्गमुळावर अवलंबून असते, म्हणून चौपट वेळ मोजलंत तर ती निम्म्यावर येते. पण त्यात एक गोची आहे. तुमच्या ऑइलमध्ये कण बसत असतात, त्यामुळे जास्त वेळ मोजलं की आकडाच सरकतो. एकीकडे सांख्यिकी, दुसरीकडे स्टोक्स. यातून सुटायचं तर ऑइल बाजूला काढायला हवं.

मशीनवाली

तेच लिहायला आले होते. पॅच करा.

ठरावीक वजनाचं ऑइल, बाटली गरम करून हलवल्यावर घेतलेलं, हेप्टेन किंवा पेट्रोलियम इथरमध्ये पातळ करायचं आणि ०.८ मायक्रॉनच्या पडद्यातून व्हॅक्यूमने गाळायचं. वरून सॉल्व्हंटने नीट धुवायचं, सुकवायचं आणि त्या पडद्यावर, म्हणजेच पॅचवर, गन लावायची. जस्त, कॅल्शियम, फॉस्फरस, जे जे विरघळलेलं आहे ते सगळं खाली निघून जातं. वर उरतात फक्त कण, तेही पातळ थरात. उधळणारं ऑइल नाही, खोलीचा घोळ नाही, पार्श्वभूमी एकदम खाली. गाळण आणि एक्सआरएफ एकत्र करणारी एएसटीएमची प्रमाणित पद्धतही आहे, डी ८१२७. तुम्ही घरगुती करताय एवढंच.

डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये काजळी असते, पडदा चोंदतो. कमी ऑइल घ्या, जास्त पातळ करा. सॉल्व्हंट ज्वालाग्राही आहेत हे वेगळं सांगायला नको.

पॅचवर एक मर्यादा राहते: विरघळलेला धातू तिथे दिसणार नाही. त्यासाठी आयसीपी लागतेच. म्हणून सरळसोट म्हणतात तसं लॅब बंद करू नका.

सरळसोट

मी तेच म्हणत होतो, फक्त जरा उद्धटपणे. :) पॅचची गोष्ट पटली. कण कोणत्या धातूचे हे कळणार असेल तर चुंबकापेक्षा नक्कीच जास्त माहिती मिळते.

इंजिनरूम आजोबा

उशिरा आलो. आयुष्य जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, तिथली गोष्ट सांगतो.

ऑइलमधल्या धातूंवरून इंजिनाची तब्येत ओळखायची कल्पना रेल्वेवाल्यांची. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रँड रेल्वेने १९४६ च्या सुमारास डिझेल लोकोमोटिव्हच्या ऑइलचं स्पेक्ट्रम काढून झीज पकडायला सुरुवात केली. मग नौदल, विमानदळ यांनी उचललं. काही लोको इंजिनांत पिस्टन पिनच्या बेअरिंगला चांदी असे, म्हणून त्यांच्यासाठी जस्त नसलेलं ऑइल बनवावं लागलं. जस्ताचं अॅडिटिव्ह चांदीला खायचं. त्या ऑइलवर खिळ्याची गन लावली असती तर शेपटीची भानगडच उरली नसती.

आता जहाजाचं. आमची मोठी दोन-स्ट्रोक इंजिनं, क्रॉसहेडवाली. त्यांत सिलिंडरचं ऑइल वेगळं असतं आणि एकदाच वापरलं जातं. लायनरवरून (सिलिंडरच्या आतल्या अस्तरावरून) खरवडून खाली आलेलं ते काळं ऑइल प्रत्येक सिलिंडरचं वेगळं जमा करता येतं. त्यातलं लोखंड मोजून लायनर आणि रिंग किती झिजताहेत ते ठरवतात आणि त्यावरून सिलिंडर ऑइलचा पुरवठा कमी-जास्त करतात. तिथे छोट्या एक्सआरएफ मशीन जहाजावरच वापरतात. लॅबला बाटली पाठवायची म्हणजे पुढचं बंदर यावं लागतं.

आता मुद्दा नीट वाचा. चुंबकावर चालणारी मशीन फक्त धातूच्या स्वरूपातलं लोखंड मोजते. लायनर दोन तऱ्हांनी झिजतो. घासून झिजला तर धातूचे कण पडतात, ते चुंबकाला कळतात. पण इंधनातल्या गंधकाचं आम्ल थंड भिंतीवर जमून लायनर कुरतडला गेला, तर लोखंड क्षारांच्या रूपात ऑइलमध्ये येतं. चुंबकाला ते दिसतच नाही. चुंबकाचा आकडा छान आणि लायनर चाललाय कामातून, असं होऊ शकतं. एक्सआरएफला लोखंड कोणत्या रूपात आहे याच्याशी देणंघेणं नाही, ते सगळं मोजतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कोणत्या तऱ्हेची झीज आहे ते कळतं. तुमच्या धाग्यात आयसीपी आणि गन शेजारी ठेवून जे चाललंय, ते याच जातीचं.

जड इंधन जाळत असाल तर व्हॅनेडियम आणि निकेल इंधनातून येतं, त्याला झीज समजू नका. आणि इंधनातले कॅट फाइन्स, म्हणजे अॅल्युमिनियम-सिलिकॉनचे कडक कण. जहाजी इंधनाच्या मानकात, आयएसओ ८२१७ मध्ये, जड इंधनांच्या नेहमीच्या ग्रेडना दोन्ही मिळून ६० मिलिग्रॅम प्रतिकिलोपर्यंत चालतात, पण इंजिनाच्या तोंडाशी ते १५ च्या खाली यावेत म्हणून आम्ही इंधन साफ करणाऱ्या प्युरिफायरच्या मागे लागलेले असायचो.

खिळ्या, तुझा नमुना कुठून घेतलास रे? ड्रेन प्लगच्या पहिल्या धारेचा असेल तर सगळी गणितं फुकट. सम्पच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीच्या) तळाची घाण मोजतोयस.

गंजका खिळा

नाही आजोबा. इंजिन बंद केल्याबरोबर डिपस्टिकच्या नळीतून हातपंपाने घेतला, नळीचं टोक तळाला टेकू दिलं नाही.

इंजिनरूम आजोबा

मग चिंतेचं आहे. मुख्य फिल्टर ३० मायक्रॉनचे बरेचसे कण धरून ठेवतो. तरीही ते सम्पमध्ये तरंगताना सापडताहेत म्हणजे एक तर ताजे पडताहेत, नाही तर फिल्टरचा बायपास (ऑइल न गाळता पुढे सोडणारी वाट) उघडा राहतोय. फिल्टर काढशील तेव्हा फेकू नको, कापून बघ.

गंजका खिळा

पॅच झाला. आधी नव्या ऑइलची डबी मोजली. त्यात 'तांबं' ४ आणि 'लोखंड' ५ आलं, म्हणजे तेवढं सगळीकडून वजा.

पॅचवर जस्त जवळजवळ गेलं. तांबंही गेलं! नुसती खूण उरली. लोखंडाचं शिखर मात्र ताठ उभं आहे आणि ५.४१ ला क्रोमियमचं छोटं पण स्पष्ट शिखर आहे. ते डबीत दिसत नव्हतं. शिसं, कथिल काही नाही. भिंगाखाली चकचकीत पापुद्रे दिसताहेत, काळ्या पावडरीत मिसळलेले.

म्हणजे तांबं कणांत नाही तर गेलं कुठे?

मशीनवाली

गेलं कुठेच नाही, विरघळलेलं होतं म्हणून गाळात सापडलं नाही. आयसीपीच्या १९ मध्ये ते आहेच. ऑइल कूलरच्या तांब्याच्या नळ्यांतून असं तांबं ऑइलमध्ये उतरतं, विशेषतः नव्या कूलरवर किंवा ऑइलचा ब्रँड बदलल्यावर. नळ्यांवर आतून थर जमला की हळूहळू कमी होतं. बेअरिंग झिजत असतं तर तांब्याबरोबर शिसं आणि कथिल चढलं असतं. लॅबच्या रिपोर्टातही शिसं २ आहे. तांब्याची काळजी सोडा, फक्त पुढच्या नमुन्यांत कुठे जातंय ते बघा.

लोखंड-क्रोमियमवर मी जास्त विचार करेन. धूळ असती तर लोखंड, क्रोमियम, अॅल्युमिनियम आणि सिलिकॉन अशी वरात निघाली असती. तुमच्या रिपोर्टात सिलिकॉन किती आहे? ते लिहिलं नाहीत.

गंजका खिळा

सिलिकॉन ५. एअर फिल्टर नुकताच बदललाय.

पॅचवर लोखंड आणि क्रोमियमचं प्रमाण काढलं तर क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास येतं. माझ्या रोजच्या कामात असा आकडा आला की मी डोळे झाकून ५२१०० लिहिलं असतं. बेअरिंग स्टील!

क्ष_किरण्या

इथे डोळे उघडे ठेवा. ५२१०० मध्ये क्रोमियम १.३ ते १.६ टक्के असतं हे खरं. पण गनचा ठिपका काही मिलिमीटरचा, त्याखाली शेकडो कण. ओतीव लोखंडाच्या लायनरची भुकटी आणि क्रोम चढवलेल्या रिंगचे थोडे कण मिसळले तरी सरासरी तीच येऊ शकते. एकेका कणाचा मिश्रधातू ओळखायचा तर इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघावं लागेल. शिवाय २०-३० मायक्रॉनच्या कणात लोखंडाचा स्वतःचा किरण त्या कणातच थोडा गिळला जातो. क्रोमियमच्या बाबतीत तर गोष्ट उलटी: लोखंडाची रेषा क्रोमियमला आणखी चेतवते. मोठ्या कणांच्या पॅचवरून टक्केवारी दशांशापर्यंत वाचू नये.

सरळसोट

तरी पापुद्रे आहेत. लायनरची साधी झीज बारीक भुकटी देते. चकचकीत पापुद्रे म्हणजे पृष्ठभाग थकून सोलला जातोय, जिथे एक भाग दुसऱ्यावर लोळतो किंवा दाबून सरकतो तिथे. मेन बेअरिंग साधी असतात, त्यांत पोलाद लोळत नाही. म्हणून माझा संशय व्हॉल्व्ह हलवणाऱ्या कॅम, टॅपेट आणि त्यांच्या रोलरवर, नाही तर टायमिंगच्या गिअरवर. झाकण काढून कॅम बघणं फार मोठं काम नाही. हा निर्णय मी घेईन बरं का, गनच्या भरवशावर. :)

सावधान

मधेच येतोय, पण हे कुणी लिहिलेलं दिसलं नाही. गन धातूवर टेकवता तेव्हा धातूच किरण अडवतो. ऑइल आणि प्लॅस्टिकची डबी अडवत नाही, सेंटिमीटरभर ऑइलमधून जास्त ऊर्जेचे किरण आरपार जातात आणि उरलेले चारी बाजूंना उधळतात. डबी हातात धरून, किंवा गन तोंड वर करून उघड्यावर मोजू नका. झाकण असलेलं, शिसं किंवा पोलादाचं कवच असलेलं स्टँडच वापरा, आणि झाकण उघडलं की किरण बंद होतात याची खात्री करा. पॅचला तर नियम आणखी कडक, तो कागदासारखा पातळ असतो. त्याच्या मागे काय आहे ते आधी बघा.

फिल्म फुटली की ऑइल गनच्या खिडकीवर जातं आणि पुढचे सगळे नमुने त्या ऑइलचेच येतात. ऑइलमध्ये इंधन मिसळलेलं असेल तर काही फिल्म फुगतात आणि सैल पडतात. एक जादा फिल्म मध्ये ठेवा, हलक्या मूलद्रव्यांचा सिग्नल कमी होईल, पण ती तशीही तुम्हाला दिसत नाहीत.

गंजका खिळा

सावधान, स्टँड झाकणाचंच आहे, इंटरलॉक चालू आहे. फिल्मचं लक्षात ठेवतो.

बाकी अपडेट: फिल्टर कापला. घड्यांमध्ये बारीक चकाकी आहे, चुंबकाला सगळी चिकटली. तोच पॅच समजून गन लावली तर पुन्हा लोखंड आणि थोडं क्रोमियम. पुढच्या बंदच्या वेळी झाकण काढून कॅम बघायचं ठरलं आहे, तोपर्यंत त्या जनरेटरवर कमी लोड. दुसऱ्या जनरेटरचं ऑइलही त्याच पद्धतीने मोजलं. तिथे डबीतला आकडा तासभर थांबूनही सरकला नाही आणि पॅच जवळजवळ स्वच्छ आहे.

ऑइल नवं भरलं आहे. आज त्यातून नमुना घेऊन मोजला, लोखंड जवळपास ब्लँकएवढंच, म्हणजे कोऱ्या ऑइलएवढंच. बरं वाटलं.

इंजिनरूम आजोबा

एवढ्यात बरं वाटून घेऊ नको. ऑइल बदललंस, सोबत धातूही ड्रममध्ये गेला. नव्या ऑइलमध्ये आकडा पडणारच. इंजिन काही तास लोडवर चालल्याशिवाय त्यातून काही कळत नाही. पुढचे नमुने धावलेल्या तासांनुसार लिही, मध्ये टॉप-अप किती केलंस तेही लिही, नाही तर पातळ झालेलं लोखंड कमी झालं असं वाटेल. आणि एकाच नळीतून, इंजिन बंद केल्यावर तेवढ्याच वेळाने घे.

मशीनवाली

आणि लॅबला पाठवायच्या बाटलीवर 'मोठे कण दिसले आहेत' एवढं लिहून द्या. मग आम्ही आयसीपीबरोबर पीक्यू (चुंबकाला कळणाऱ्या कणांची मोजणी) आणि फेरोग्राफीही (कण वेगळे करून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) करतो. नुसती बाटली आली तर ती रांगेत उभी राहते आणि तुम्हाला पुन्हा ३४ मिळतात.